रेडिओवरचा हिपहॉप डीजे ‘अस्सल’ कधी ठरतो?

टर्नपाइक_टण्या (धागाकर्ता)

गेल्या रविवारी लेकीला कॉलेजात सोडायला निघालो होतो. न्यू जर्सी टर्नपाइकवर नेहमीप्रमाणे गाड्यांची रांग. ती फोनवर न्यूयॉर्कच्या हॉट ९७ या हिपहॉप रेडिओ स्टेशनची एक जुनी मुलाखत लावून बसली होती, २०१३ ची. त्यातला एक आवाज ओळखीचा निघाला. ऑफिसला जाता-येता मी तो कित्येक वर्षं ऐकलाय, चेहरा मात्र कधी पाहिला नव्हता. मी आपला कौतुकाने म्हणालो, "हा ब्रॉन्क्सचा, हिपहॉपच्या माहेरचा असणार, अस्सल." लेक हसून हसून बेजार. "बाबा, तो पीटर रोझेनबर्ग आहे. मेरीलंडचा ज्यू. वॉशिंग्टनच्या उपनगरात वाढलाय."

बरं, मुलाखत कुठली, तर ज्या भांडणामुळे तो जगभर गाजला त्याच्यावरची. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हॉट ९७ दरवर्षी ‘समर जॅम’ नावाचा मोठा जलसा करतं. ३ जून २०१२ ला तो मेटलाइफ स्टेडियमवर होता आणि रात्रीचं मुख्य आकर्षण होती रॅपर निकी मिनाज. दुपारी बाहेरच्या छोट्या स्टेजवर रोझेनबर्ग बोलून गेला, की ‘स्टारशिप्स’ (निकीचं गाजलेलं गाणं) गायला आलेल्या पोरींशी मी बोलत नाहीये, इथे आपण खऱ्या हिपहॉपबद्दल बोलतोय. तासाभरात ही बातमी सगळीकडे. तिच्या रेकॉर्ड कंपनीचा मुख्य लिल वेन, त्याने आपली माणसं काढून घेतली. ती आलीच नाही. पुढच्या वर्षी स्टेशनवर आली, त्याने माफी मागितली, तीच ही मुलाखत.

म्हणजे उपनगरातला गोरा पोरगा क्वीन्सच्या साउथ जमैकात वाढलेल्या काळ्या बाईला सांगतो, की तुझं गाणं खरं हिपहॉप नव्हे. आणि माझी पंचाईत अशी, की गाण्यापुरतं मला त्याचंच पटतं.

लेकीचं म्हणणं, "त्याचं बरोबर असेलही, पण ते त्याने बोलायचं नाही." माझं म्हणणं, कान तयार असेल तर कोणीही बोलावं. एक्झिट येईपर्यंत भांडलो. तुम्हाला काय वाटतं? हा हक्क डीजेला कशाने मिळतो?

फणसपोळी

वाचतेय. चहा ठेवलाय.

बिनाका_बाबा

मुळात रेडिओ ऐकतं कोण आता? धागा २० वर्षं उशिरा काढलात.

टर्नपाइक_टण्या

बाबा, तुमचं सदस्यनाम वाचा आणि मग बोला :)

मध्यरात्रीचा_चहा

मी १९९५ मध्ये न्यूयॉर्कला शिकायला आलो. क्वीन्समध्ये एका तळघरात आम्ही चौघं राहायचो. गुरुवारी रात्री एकला कोलंबिया विद्यापीठाच्या रेडिओवर, डब्ल्यूकेसीआर ८९.९, स्ट्रेच आर्मस्ट्राँग आणि बॉबिटोचा कार्यक्रम लागायचा. पहाटे पाचपर्यंत. १९९० ते १९९८ चालला. स्ट्रेच गोरा, मॅनहॅटनमधल्या अपर ईस्ट साइडचा. बॉबिटो प्वेर्तो रिकन घरातला. दोघांपैकी कोणी ‘जन्माने’ काळं अमेरिकन नाही. पण नास, बिगी, जे-झी, बिग एल, वू-टँग, ही सगळी रॅपर मंडळी कंपनीने करार करायच्या आधी किंवा अगदी उमेदवारीच्या काळात त्या खोलीत येऊन गेली. तिथे येऊन कागद न बघता रॅप म्हणून दाखवायचं. जमलं नाही तर त्यांची थट्टा हवेवरच व्हायची.

आमचं तळघर असल्याने रेंज धड नाही. मी डबल कॅसेट डेकची एरियल खिडकीच्या गजाला तांब्याच्या तारेने बांधली होती. ९० मिनिटांची कॅसेट लावायची, ४५ मिनिटांनी गजर लावून उठायचं, बाजू उलटायची, परत झोपायचं. शुक्रवारी सकाळी लॅबमध्ये माझा चेहरा बघून प्रोफेसरांना वाटायचं पोरगा फार अभ्यास करतो.

मुद्दा असा, की आम्हाला चेहरे दिसतच नव्हते. ऐकू काय यायचं, तर आधी कुठेही न ऐकलेली रेकॉर्ड. विकत घेतो म्हटलं तरी दुकानात मिळायची नाही, कारण ती अजून बाजारातच आलेली नसायची. माझ्या लेखी अस्सलपणाची परीक्षा तिथेच झाली: समोर नवखा पोरगा उभा आहे, याच्यात काहीतरी आहे, हे जगाच्या आधी ओळखलंस की नाही?

टर्नपाइक_टण्या

+१. कॅसेटी आहेत का अजून?

मध्यरात्रीचा_चहा

दोन आहेत. त्यातली एक गेली कामातून. ९७ ला आई राहायला आली होती, तिने ‘कोरी दिसली’ म्हणून तिच्यावर मंडळाची भजनं टेप केली.

फणसपोळी

😂😂 रीमिक्स!

अण्णा_सातारकर

आपल्याकडे शाहिरी होती की. डफ, सवाल-जवाब, समोरच्याला शब्दात पकडणं. हे लोक आज जे करतात ते आपल्या शाहिरांनी कधीच

कसब्यातली_मैना

अण्णा, बसा. आठव्या प्रतिसादात शाहिरी काढायची असा काही नियम आहे का इथे?

टण्या, तुमची लेक बरोबर आहे, पण कारण वेगळं आहे. तुम्ही लिहिलेलं वाक्य परत वाचा. तो निकीशी बोलत नव्हता, तिचं गाणं गायला आलेल्या मुलींशी बोलत होता. "तुमच्याशी मी बोलत नाहीये." पोरींना जे आवडतं ते खोटं, पोरांना आवडतं ते खरं. हा हिशेब काही हिपहॉपचा शोध नाही. आपल्याकडे लावणीला जाणारा रसिक ठरतो आणि घरी बायको टीव्हीवर नाचगाणी बघते तेव्हा तो थिल्लरपणा होतो.

आणि गोरा-काळा इतकं सोपं करू नका. निकी जन्मली त्रिनिदादला. तिचं खरं आडनाव मराज. हे आपलं ‘महाराज’च, ऊसमळ्यांवर नेलेल्या गिरमिटियांबरोबर (करारावरच्या मजुरांबरोबर) बोटीतून गेलेलं. तिच्या वडिलांकडून भारतीय रक्त आहे. म्हणजे खऱ्या हिपहॉपच्या मोजपट्टीवर तीही ‘शुद्ध’ नाहीच. कोण आहे? ज्याच्यापासून सगळं सुरू झालं असं सांगतात, ११ ऑगस्ट १९७३, ब्रॉन्क्समधलं सेजविक अव्हेन्यू, घर क्रमांक १५२०, बहिणीच्या पार्टीत दोन टर्नटेबलं लावणारा कूल हर्क, तो जमैकाचा. किंग्स्टनहून आलेला पोरगा. आधी आपला उच्चार लपवायला शिकला, मग न्यूयॉर्कचा झाला.

टर्नपाइक_टण्या

मराज = महाराज! एवढी वर्षं ऐकतोय, डोक्यातच आलं नाही.

ब्रुकलिनकर

मी जरा जुन्याकडे जातो, कारण हा वाद रोझेनबर्गपासून सुरू झालेला नाही.

मिस्टर मॅजिक हे नाव कोणाला आठवतंय? ७९ च्या सुमारास डब्ल्यूएचबीआय नावाच्या स्टेशनवर तासांचे पैसे मोजून वेळ मिळायची. ज्याच्याकडे पैसे तो बोलणार: धर्मोपदेशक, परभाषिक मंडळं, कोणीही. त्याने तिथे रॅप लावायला सुरुवात केली. १९८२ ला डब्ल्यूबीएलएसने त्याला बोलावलं. हे मोठं व्यावसायिक स्टेशन आणि मालक काळे. तरी गंमत बघा, त्या काळात काळ्यांच्याच बऱ्याच स्टेशनांना रॅप नको होतं. जाहिरातदार पळतील, सुस्थितीतला श्रोता नाक मुरडेल ही भीती. ‘आमच्याकडे रॅप लागत नाही’ हे काही स्टेशनं अभिमानाने सांगायची. तेव्हा ‘काळ्यांचं स्टेशन म्हणजे आपोआप अस्सल हिपहॉप’ हे समीकरण पहिल्या दिवसापासूनच बसत नाही.

८३ पासून समोर ९८.७ किस या स्टेशनवर कूल डीजे रेड अलर्ट. मॅजिकच्या बाजूला मार्ली मार्ल आणि क्वीन्सब्रिजची ज्यूस क्रू ही रॅपर मंडळी, रेड अलर्टच्या बाजूला साउथ ब्रॉन्क्सचे बूगी डाउन प्रॉडक्शन्स. मॅजिकने बूगी डाउनच्या केआरएस-वनच्या पोरांची रेकॉर्ड हिणवून परत पाठवली आणि तिथून ठिणगी पडली असं सांगतात. मग हिपहॉपचा जन्म कोणाच्या वस्तीत झाला यावर गाण्यांची लढाई. दोन्हीकडे काळीच माणसं, प्रश्न एकच, ‘तू कुठला?’ म्हणजे कातडीच्या आधी पत्ता विचारला जायचा.

अण्णा_सातारकर

म्हणजे आमचं जुन्या पेठा विरुद्ध कोथरूड.

ब्रुकलिनकर

अगदी. फक्त कोथरूडवाल्यांनी अजून डिस ट्रॅक (समोरच्याला हाणणारं गाणं) काढलेला नाही.

पेठी_पुणेकर

आम्ही दुपारी एक ते चार कोणाचंच ऐकत नाही, डिस ट्रॅक धरून.

हॅरोकर

लंडनची भर घालतो. टिम वेस्टवुड, गोरा डीजे. १९९४ ला बीबीसी रेडिओ १ वर रॅपचा कार्यक्रम सुरू झाला तो त्याचा. बोलणं असं की वाटावं पूर्व लंडन आणि ब्रॉन्क्सच्या मध्ये कुठेतरी जन्मलाय. वडील कोण? पीटरबरोचे बिशप! इथले वर्तमानपत्रवाले दर वेळी हे छापायचे. सगळा देश त्याच्या उच्चारांची टिंगल करायचा. अली जी हे टीव्हीवरचं विनोदी पात्र त्याच्यावर बेतलंय असं बरेच जण आजही म्हणतात. पण अमेरिकेतले मोठे रॅपर लंडनला उतरले की त्याच्याकडे जायचेच, आणि १९९९ ला केनिंग्टनला त्याच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा टिंगल करणारे चार दिवस गप्प बसले. (२०२२ पासून त्याच्यावर महिलांच्या छळाचे गंभीर आरोप आहेत, तो ते नाकारतो. ते वेगळं प्रकरण, पण न लिहिता पुढे जाणं बरं वाटत नाही.)

मला त्याच्या आवाजाचा राग यायचा. मग विचार आला, मी स्वतः ऑफिसात फोनवर कोणत्या आवाजात बोलतो? बायको म्हणते, "गोऱ्यांशी बोलताना तुझं नाक बदलतं."

२००२ ला बॉबी फ्रिक्शन आणि निहालचा कार्यक्रम रेडिओ १ वर आला तेव्हा आमच्या घरात जरा धक्का बसला. एक पंजाबी घरातला, एक श्रीलंकन, आणि दोघं लंडनच्या रस्त्यावरचं जे बोलणं तेच बोलत होते. नक्कल नव्हती, ते बोलणं त्यांचंच होतं, शाळेत शिकलेलं. माझ्या मुलाचं आज तसंच आहे. तो ‘इनिट’ म्हणतो आणि लगेच आजीला ‘वरणभात वाढ’ म्हणतो. दोन्हीकडे खरा वाटतो.

कुर्ला_टर्मिनस

मी मुंबईत एका खासगी एफएमवर चार वर्षं रेडिओ जॉकी होतो. नाव सांगत नाही. इंटरव्ह्यूला मी माझ्या नेहमीच्या मराठीमिश्रित हिंदीत बोललो. साहेब म्हणाले, "आवाज छान आहे, पण थोडा और बम्बैया चाहिए." आता मी कुर्ल्यात जन्मलेला, नेहरूनगरला वाढलेला. हे साहेब दुसऱ्या राज्यातून सहा महिन्यांपूर्वी बदलून आलेले. त्यांनी मला ‘बम्बैया’ शिकवायला कागद दिला: ‘अपुन’, ‘बोले तो’, ‘मामू’. आमच्या चाळीत ‘अपुन’ म्हणणारा एकच माणूस होता आणि तो सिनेमे बघून म्हणायचा.

गाणी माझ्या हातात नव्हतीच. संगणकातलं सॉफ्टवेअर यादी लावणार, मी दोन गाण्यांच्या मध्ये वीस सेकंद बोलणार. शेवटच्या वर्षी तर तीन तासांचा कार्यक्रम पाऊण तासात रेकॉर्ड करून मी घरी जायचो. लोक फोन करायचे, "भाई, अभी बारिश है क्या उधर?" मी तेव्हा घरी झोपलेलो.

त्याच काळात आमच्या शेजारच्या गल्लीतली पोरं रॅप करायला लागली होती. कुर्ल्याचा नेझी, अंधेरीचा डिव्हाइन, २०१५ ला ‘मेरे गली में’ आलं, पोरांना पाठ. मी मीटिंगमध्ये म्हटलं हे लावू. उत्तर: सिनेमात आलं की बघू. २०१९ ला सिनेमात आलं आणि मग दर तासाला एकदा. तोवर मी नोकरी सोडली होती.

तेव्हा टण्या, तुमचा तो रोझेनबर्ग निदान स्वतःच्या तोंडाने स्वतःचं मत बोलला. चुकला असेल. पण आमच्याकडे अस्सलपणाचासुद्धा कागद वरून यायचा.

टर्नपाइक_टण्या

हे भारी आहे. "और बम्बैया चाहिए" 😄 त्या साहेबांचं पुढे काय झालं?

कुर्ला_टर्मिनस

दुसऱ्या शहरात गेले. तिथल्या पोरांना तिथलं शिकवत असतील.

ब्रुकलिनकर

हे अमेरिकेत आधीच झालंय. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती स्टेशनं घ्यायची ही मर्यादाच काढली. क्लिअर चॅनेलकडे बघता बघता बाराशेच्या आसपास स्टेशनं आली. मग न्यूयॉर्क काय आणि ओहायो काय, यादी तीच. हॉट ९७ चं ब्रीदवाक्य ‘हिपहॉप इथे राहतं’, आणि त्या भरभराटीच्या वर्षांत स्टेशनची मालक कंपनी होती इंडियानापोलिसची. रोझेनबर्ग गोरा की काळा यावर आपण भांडतोय, घरमालकाबद्दल कोणी विचारत नाही.

बिनाका_बाबा

रेडिओ कोण ऐकतं म्हणालो खरं, पण आता गप्प बसवत नाही.

‘हे खरं संगीत, ते खोटं’ असं रेडिओवर सगळ्यात मोठ्याने सांगणारा माणूस पुण्याचा होता. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. १९५२ पासून दहा वर्षं नभोवाणी खातं त्यांच्याकडे. सिनेसंगीत म्हणजे पाश्चात्त्यांची उसनवारी, त्याने देशाचा कान बिघडतो, म्हणून आकाशवाणीवर सिनेसंगीतावर बंदी, हार्मोनियमवर बंदी, फक्त शास्त्रीय. परिणाम काय? अख्खा देश सुई फिरवून रेडिओ सिलोनवर गेला, बुधवारी रात्री बिनाका आणि अमीन सयानी. शेवटी १९५७ ला सरकारला विविध भारती काढावी लागली.

केसकर संगीत जाणणारे होते हो. कान तयारच होता. म्हणून ‘कान तयार असेल तर कोणीही बोलावं’ हे टण्या, मला नाही पटत. तयार कानाचा माणूसच जास्त घातक.

संदर्भ_शोधक

दोन दुरुस्त्या. (१) हार्मोनियमबंदी केसकरांची नव्हे, ती १९४० ची, इंग्रजांच्या काळातली. (२) सिनेगाण्यांवर सरसकट बंदी नव्हती. त्यांचा वाटा कमी केला आणि सिनेमाचं नाव सांगणं म्हणजे जाहिरात ठरवून ते बंद केलं, त्यावर निर्मात्यांनी परवानगीच काढून घेतली. परिणाम तोच.

बिनाका_बाबा

परिणाम तोच म्हणताय ना, मग झालं.

संदर्भ_शोधक

तारीख चुकली की मला झोप लागत नाही.

सुलू_मावशी

मी नेहमी वाचनमात्र असते, आज लिहिते. २००२ चा उन्हाळा. मिस्टरांना घ्यायला स्टेशनवर निघाले होते. गाडीतला रेडिओ मुलगा बदलून ठेवायचा, हॉट ९७ लागलेलं. मी बंद करायला हात पुढे केला आणि लताबाई गायला लागल्या! खाली धडाधडा ठेका, आणि वर लताबाई. मला वाटलं मला काहीतरी होतंय. गाडी बाजूला घेतली, हॅझर्ड लावले. ‘ज्योती’ सिनेमातलं गाणं, १९८१ चं, बप्पी लाहिरींचं. त्यावर ट्रूथ हर्ट्स नावाच्या बाईचं ‘ॲडिक्टिव्ह’. गाणं संपल्यावर डीजेने तिचं नाव घेतलं, रॅप करणाऱ्या राकिमचं घेतलं, पुढचं गाणं लावलं. लताबाईंचं नाव नाही. मी त्या गाडीत एकटीच मोठ्याने म्हणाले, "अरे, आणि ती?"

त्या उन्हाळ्यात कितीदा ते लागलं असेल. एकदाही नाव ऐकलं नाही. नंतर कोर्टात गेलं, बप्पीदांचं नाव घातल्याशिवाय विकायचं नाही असा हुकूम झाला. लताबाई कोण, हे बहुतेक तिथल्या कोणाला विचारावंसंही वाटलं नसेल.

अण्णा_सातारकर

हेच तर! हे लोक आपलं घेतात आणि आपली पोरं त्यांची नक्कल करतात. ढगळ पॅन्टी घालून काळ्यांसारखे हातवारे. शोभतं का आपल्याला?

कसब्यातली_मैना

अण्णा, ‘काळ्यांसारखे’ हे शोभत नाही आपल्याला, असं म्हणायचं असेल तर मी सहमत आहे.

ब्रुकलिनकर

अण्णा, आपण इथे आलो १९६५ नंतर, इमिग्रेशनचा कायदा बदलला म्हणून. तो बदलला त्याच्यामागे नागरी हक्कांची चळवळ होती. ज्यांनी मार खाल्ला म्हणून दार उघडलं त्यांच्या हातवाऱ्यांना हसू नये.

अण्णा_सातारकर

बरं. तसं म्हणायचं नव्हतं. शब्द मागे.

संपादक

अण्णांनी मागे घेतलाय, इथेच थांबा. विषयावर या.

नीरजा_फ्लशिंग

विषयावरच येते. २००५ चं सुनामीचं प्रकरण कोणी कसं काढलं नाही? २६ डिसेंबर २००४ ला सुनामी आली, नागपट्टणमपासून इंडोनेशियापर्यंत दोन लाखांच्या वर माणसं गेली. जानेवारीत हॉट ९७ च्या सकाळच्या कार्यक्रमात त्यावर विडंबनगीत लागलं, मेलेल्यांची चेष्टा, आशियाई लोकांना शिव्या. एकदा नाही, काही दिवस. त्या खोलीत मिस इन्फो होती, कोरियन-अमेरिकन, हिपहॉपच्या पत्रकारितेत नाव कमावलेली. तिने हवेवरच सांगितलं की मला यात धरू नका. सहकाऱ्यांनी तिलाच झापलं. पुढे जाहिरातदार निघून गेले, निलंबनं झाली, दोघांची नोकरी गेली.

मी त्या काळात रोज ऐकायचे. माझी मामी चेन्नईची, त्यांच्या ओळखीतलं एक कुटुंब गेलं होतं. तोवर मला वाटायचं, हे स्टेशन आपलं आहे: गोऱ्यांच्या देशात गोऱ्यांचं नसलेलं एक स्टेशन. त्या सकाळी कळलं, मी पाहुणी होते. आणि मिस इन्फोसुद्धा, इतकी वर्षं आत काम करून.

म्हणून मला रोझेनबर्गला प्रश्न विचारावासा वाटतो. त्याची मोठी फजिती झाली, माफी मागितली, वर नाव झालं. तिच्या जागी तो असता तर?

टर्नपाइक_टण्या

नीरजा, याला माझ्याकडे उत्तर नाही. रात्री लेकीला वाचून दाखवतो.

ईशान_एडिसन

नमस्कार. माझं मराठी शनिवारच्या मराठी शाळेतलं आहे, चुका पोटात घाला. आईने लिंक पाठवली. मी कॉलेजच्या रेडिओवर दोन वर्षं हिपहॉपचा शो करत होतो, मंगळवारी रात्री १२ ते २. ही वेळ यासाठी, की रात्री दहा ते सकाळी सहा शिव्यांचे नियम ढिले असतात. गाण्याची सेन्सॉर केलेली प्रत शोधावी लागत नाही.

पहिले काही महिने मी जो आवाज काढायचो तो आता ऐकवत नाही. रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. हॅरोकर काका म्हणतात तसं नाक बदललेलं, शिवाय घसा पण. श्रोते असतील पंधरा. त्यातला एक माणूस दर शोला फोन करायचा. तो एका पार्किंगच्या इमारतीत रात्रपाळीला होता, वय साठच्या पुढे, काळा, न्यूअर्कचा. एकदा म्हणाला, "तू बोलतो कमी केलंस तर मला दोन गाणी जास्त मिळतील." मी रागावलो. पण पुढच्या आठवड्यापासून फक्त गाणं, कोणी बनवलं, साल, कशाचा तुकडा वापरलाय, एवढंच सांगायला लागलो. हे सांगायला वेगळा आवाज लागत नाही, असं लक्षात आलं.

दुसरी गोष्ट मी कधी कोणाला सांगितली नाही. गाण्यांत तो शब्द असतो, काळ्यांना हिणवायचा, तुम्हाला माहीत आहे कोणता. आपण तो म्हणायचा नाही हे मला माहीत होतं. एकदा गाण्याबरोबर म्हणता म्हणता अर्धा तोंडातून निसटला. माइक बंद होता. पण पुढच्या शोची मुलगी शेजारी बसली होती, ती काळी आहे. ती काही बोलली नाही. हेडफोन काढून टेबलावर ठेवले, बाहेर जाऊन पाणी पिऊन आली. पुढच्या आठवड्यात ती वेळेवर आली, पण दारातच उभी राहिली. मी सामान उचलून खुर्ची रिकामी करेपर्यंत आत आली नाही. ते पुढे पूर्ण सेमिस्टर तसंच राहिलं.

सुलू मावशी, तुमच्या गाण्याबद्दल: मी एकदा आधी ‘ज्योती’मधलं मूळ गाणं पूर्ण लावलं, मग ‘ॲडिक्टिव्ह’. नाव नीट सांगितलं, लता मंगेशकर, तीनदा. लगेच पार्किंगवाल्या काकांचा फोन. "दुसरं मला माहितीये. पहिलं परत लाव." त्यानंतर ते दर दोन आठवड्यांनी विचारायचे, "आज ती मंगेश बाई आहे का?"

सुलू_मावशी

ईशान बाळा, आईला माझा नमस्कार सांग. तीनदा नाव घेतलंस हे वाचून बरं वाटलं.

कसब्यातली_मैना

‘मंगेश बाई’ ❤️

पण ईशान, त्या मुलीशी नंतर कधी बोललास का?

ईशान_एडिसन

नाही. शेवटच्या दिवशी ‘बाय’ म्हणालो. ती पण म्हणाली.

टर्नपाइक_टण्या

लेकीला सगळा धागा वाचून दाखवला, फोनवर. ती म्हणते, मी बाबांशी अजूनही सहमत नाही, पण ते पार्किंगवाले काका डीजे असायला हवे होते. मी अजून ‘स्टारशिप्स’ आवडत नाही या मतावर ठाम आहे. फक्त परवा रेडिओवर लागलं तेव्हा शेजारी सिग्नलला एका गाडीत तीन पोरी खिडक्या खाली करून गात होत्या. मी आपला खिडकी वर करायला गेलो आणि मैनाबाईंची आठवण झाली. राहू दिली खाली.

बिनाका_बाबा

म्हणजे रेडिओ ऐकतात लोक.

मध्यरात्रीचा_चहा

टण्याने विचारलं म्हणून काल त्या दोन्ही कॅसेटी काढल्या. भाच्याने त्याच्या संगणकाला डेक जोडून दिला. चांगली जी होती तिची टेपच चिकटलीय, गेली. मग आईची भजनांची लावली. आई जाऊन आता नऊ वर्षं झाली. दोन्ही बाजू ऐकल्या. मंडळातल्या बायका, टाळ, कोणीतरी खोकतंय, आई मध्येच म्हणते "सुधाताई, तुमचं कडवं". दुसऱ्या बाजूची भजनं लवकर संपतात, बटण खटकन बंद होतं, आणि लगेच त्याच्या मागून पहाटेचा बॉबिटो. कुठल्यातरी क्लबचा पत्ता वाचून दाखवतोय, मागे रेकॉर्ड फिरतेय. दोन-अडीच मिनिटं आहेत. भाचा म्हणाला, भजनं तेवढी वेगळी काढून देऊ का? मी म्हटलं, नको, आहे तसंच ठेव.